चारशे फुटांच्या आत

नवा ड्रोन हातात आलेला माणूस पहिल्या पाच मिनिटांत काय करतो, हे बहुतेक सगळीकडे सारखंच असतं. रिमोटची डावी दांडी पुढे सारायची आणि स्क्रीनवर 120 मीटरचा आकडा दिसेपर्यंत यंत्र वर वर चढवत न्यायचं. खालचं गाव, नदी, शेतं एका चौकटीत मावली की फोटो. तो फोटो त्याच दिवशी घरच्या सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर जातो आणि आठवड्याभरात विसरला जातो.

तो का विसरला जातो याचं उत्तर साध्या गणितात आहे. छोट्या ड्रोनच्या कॅमेऱ्याचं भिंग रुंद कोनाचं, 24 मिलिमीटरच्या आसपासचं असतं. 120 मीटरवरून सरळ खाली पाहिलं तर चौकटीत साधारण 170 मीटर रुंदीची जमीन येते. फोटो चार हजार पिक्सेल रुंद धरला तर उभ्या माणसाच्या खांद्यांच्या वाट्याला दहा-अकरा पिक्सेल येतात. म्हणजे तो ठिपकाच. आता नंदुरबारची मिरचीची पथारी घ्या. उन्हात पसरलेल्या लाल मिरच्यांचं ते मैदान 120 मीटरवरून नुसता लाल चौकोन दिसतं. तेच 25 मीटरवर खाली आलात की माणूस पन्नास पिक्सेलचा होतो. वाकून मिरची पसरवणारी बाई, तिच्या डोक्यावरचा पदर, शेजारची पाटी आणि सकाळच्या उन्हात लांबलेली तिची सावली, सगळं ओळखू येतं. फोटो या उंचीवर आहे, वर नाही.

ड्रोन छायाचित्रण सुरू करणाऱ्याला सांगण्यासारख्या पुष्कळ गोष्टी आहेत, पण माझ्या मते पहिली हीच: उंचीचा नाद सोडावा. कायदा, वारा, बॅटरी आणि खुद्द चित्र यांचा कौल खालच्याच अंगाला आहे.

वरून पाहण्याची हौस जुनी आहे. पॅरिसच्या नादार या छायाचित्रकाराने 1858 मध्ये फुग्यातून गावाचा फोटो घेतला. तो आज शिल्लक नाही. 1888 मध्ये फ्रान्समध्येच आर्थर बातू याने पतंगाला कॅमेरा बांधला, आणि नंतर युलिउस नॉयब्रॉनर या जर्मन औषधविक्रेत्याने कबुतरांच्या छातीवर. आपल्याकडे मराठी वाचकाला हवाई छायाचित्रणाची गोडी लावली ती हेलिकॉप्टरने. नौदलात राहिलेले गोपाळ बोधे यांनी किनारे, दीपगृहं आणि किल्ले आकाशातून टिपले. उद्धव ठाकरे यांचं ‘महाराष्ट्र देशा’ 2010 साली आलं, पाठोपाठ वारीवरचं ‘पहावा विठ्ठल’. त्या काळी असं पुस्तक करायचं तर हेलिकॉप्टर, परवानग्या आणि दारातून बाहेर लोंबकळण्याची तयारी लागायची. 2009 च्या ‘थ्री इडियट्स’मध्ये वसतिगृहाच्या खिडकीशी जाणारं उडतं यंत्र आयआयटी मुंबईतून निघालेल्या आयडियाफोर्जच्या मुलांचं होतं, तेव्हा ते अद्भुत वाटलं होतं. 2013 च्या आरंभी चीनच्या डीजेआय कंपनीचा फँटम बाजारात आला आणि दहा वर्षांत लग्नाच्या मांडवात ड्रोन नसला तर पाहुणे विचारू लागले.

हे इतक्या झपाट्याने झालं, कारण उडवण्याचं बहुतेक काम आता यंत्रच करतं. चार मोटरी, चार पाती. तिरप्या कोपऱ्यांतली एक जोडी एका दिशेने फिरते, दुसरी उलट दिशेने. त्यामुळे यंत्राला गरगरवणारा जोर एकमेकांत जिरतो. जायरोस्कोप कल सांगतो, बॅरोमीटर हवेच्या दाबावरून उंची, उपग्रह जागा, होकायंत्र दिशा. पोटाखालचा बारका कॅमेरा जमिनीचा पोत बघून आपण सरकलो का ते तपासतो. दोन्ही दांड्या सोडून दिल्या तरी यंत्र हवेत खुंटीला टांगल्यासारखं थांबतं. यामुळेच नवख्याला पहिल्या दिवशीच आपल्याला येतंय असं वाटतं. प्रत्यक्षात येत असतं ते यंत्राला, आणि यातला एक सेन्सर गोंधळला की उरलेलं काम चालकाच्या अंगावर येतं.

म्हणून सुरुवात जीपीएस नसलेल्या, चार-पाच हजारांच्या खेळण्यातल्या ड्रोनवर करावी. तो वाऱ्याने वाहतो, आपणहून थांबत नाही आणि पडला तरी रडू येत नाही. सकाळी शाळेचं रिकामं मैदान गाठावं. आधी ड्रोनचं शेपूट आपल्याकडे ठेवून डोक्याएवढ्या उंचीवर तो एका जागी धरायचा. मग चौकोन काढायचा. खरी परीक्षा यानंतर, ड्रोनचं तोंड आपल्याकडे वळवल्यावर. आता उजवीकडे दांडी नेली की यंत्र आपल्या डावीकडे जातं. हात डोक्याच्या आधी चालायला लागले की इंग्रजी आठाचा आकडा काढून बघावा. तोही न अडखळता जमला की कॅमेऱ्याच्या ड्रोनला हात लावायला हरकत नाही. कॉम्प्युटरवरचे सिम्युलेटरही चांगले असतात, विशेषतः गॉगल लावून उडवायच्या एफपीव्ही ड्रोनसाठी. तो मात्र वेगळाच नाद आहे. त्यात सोल्डरिंग येतं, मोडतोड येते आणि डोळ्यांवर गॉगल असल्यामुळे शेजारी आकाश बघणारा दुसरा माणूस लागतो. पहिल्या वर्षात तिकडे जाऊ नये.

कायद्याचं प्रकरण लोक समजतात तेवढं किचकट नाही, पण वाचल्याशिवाय कळण्याइतकं सोपंही नाही. 2014 च्या ऑक्टोबरमध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने सामान्य माणसाला ड्रोन उडवायला सरसकट बंदी केली. 2018 अखेरीस ती अटींसह उठली, आणि 25 ऑगस्ट 2021 रोजी आजचे ड्रोन नियम आले. त्यात सगळं वजनावर ठरतं. 250 ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे दोन किलोपर्यंत मायक्रो, आणि हौशी माणसाचा संबंध इथेच संपतो. नॅनो उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. दोन किलोपर्यंतचा ड्रोन धंद्यासाठी नसेल तर त्यालाही लागत नाही. नॅनोच्या वर मात्र यंत्राला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या मॉडेलला मिळालेली मान्यता हवी, आणि विमाही. कंपन्या 249 ग्रॅमचेच ड्रोन का काढतात, याचं उत्तर जगभरच्या अशाच वजनाच्या रेषांत आहे.

आकाशाचे तीन रंग आहेत. हिरव्यात 400 फुटांपर्यंत, म्हणजे 120 मीटरपर्यंत, वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा 200 फुटांवर येते. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते, लाल तर केंद्र सरकारच्या मंजुरीशिवाय बंदच. हा नकाशा डिजिटल स्काय पोर्टलवर आहे आणि घरातून निघण्याआधी तो बघावा, कारण महाराष्ट्रातली मोठी शहरं या बाबतीत फसवी आहेत. पुण्यात लोहगावला हवाई दलाचा तळ, खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. नाशिककडे ओझर आणि देवळाली. मुंबईत विमानतळ, नौदल गोदी आणि तुर्भ्याचं भाभा अणुसंशोधन केंद्र. गोव्यात समुद्रकिनारा म्हणजे मोकळं रान असं पर्यटकांना वाटतं, पण तिथे दाबोळीचा विमानतळ मुळात नौदलाचा आहे आणि उत्तरेला मोपाचा नवा. याशिवाय पोलिसांचे मनाई आदेश निघतात. मुंबईत ते वरचेवर असतात, आणि 2025 च्या मे महिन्यात पाकिस्तानशी तणाव असताना तर ड्रोनवर कडक बंदी होती. नकाशा हिरवा असला तरी आदेश चालू असेल तर तोच लागू. स्थानिक पोलीस ठाण्यात एक फोन केला की काम होतं. पोलीस चिडत नाहीत, उलट आधी सांगितल्याचं त्यांना बरं वाटतं.

खरेदीचा प्रश्न जास्त अवघड आहे, आणि दुकानदार त्यावर गप्प असतात. 9 फेब्रुवारी 2022 पासून तयार ड्रोनच्या आयातीला भारतात मनाई आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढेच अपवाद. सुटे भाग आणता येतात. म्हणजे बाजारात बिनबोभाट मिळणारा परदेशी ड्रोन बहुधा आडमार्गाने आलेला असतो. त्याला टाइप सर्टिफिकेट नाही, दुरुस्तीची हमी नाही आणि अडचण आली तर बिलही कामाचं नाही. न्यू जर्सीतल्या भाच्याने दिवाळीला येताना बॅगेतून ड्रोन आणावा, ही कल्पना घराघरांत निघते. भाच्याला आधीच नाही म्हणावं. विमानतळावर कस्टमवाले तो ठेवून घेऊ शकतात. देशी नॅनो ड्रोन अजून कॅमेऱ्यात आणि वाऱ्यापुढे टिकण्यात मागे आहेत, हे मान्य. तरी शिकायला ते पुरतात आणि रात्री झोप लागते.

आता सह्याद्री. महाराष्ट्रात ड्रोन घेणाऱ्या दर दुसऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर एखादा किल्ला असतो, आणि परदेशी व्हिडिओ बघून शिकलेलं बरंचसं ज्ञान इथेच तोकडं पडतं.

आधी उंचीचा घोटाळा. स्क्रीनवरची उंची ड्रोनच्या पायाखालची नसते, उड्डाणाच्या जागेपासूनची असते. कड्याच्या टोकावरून ड्रोन सोडला आणि सरळ दरीवर नेला, तर स्क्रीनवर शून्य दिसत असताना खाली जमीन तीनशे मीटर असू शकते. नियमातले 120 मीटर जमिनीपासून मोजायचे. म्हणजे दोन पावलं पुढे गेलात की तुम्ही हद्दीबाहेर. उलट बाजूने पाहा. पायथ्याच्या गावातून ड्रोन उडवला, गडाच्या मागे नेला, मध्ये कडा आला आणि सिग्नल तुटला. यंत्र आपणहून परत निघतं, पण आधी ठरवलेल्या परतीच्या उंचीवर चढून सरळ रेषेत. ती उंची कारखान्यातून आलेली तीस-चाळीस मीटरच राहिली असेल, तर सरळ रेषेत कडा उभा आहे. सेन्सर असलेले ड्रोन थांबतात, स्वस्तातले आदळतात. म्हणून गडाजवळ उड्डाणाआधी परतीची उंची बघणं, उपग्रह पुरेसे मिळून घराची जागा नोंदली गेली का ते पाहणं आणि कड्याच्या मागे न जाणं, या तीन गोष्टी सोडू नयेत. कोकणात होडीतून उडवणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. यंत्राला आठवतं ते जिथून उडालो ते पाणी, पुढे सरकलेली होडी नाही.

मग वारा. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर खालून वर चढणारा वारा प्रसिद्धच आहे. कड्याला आदळून वारा वर फेकला जातो आणि कड्याच्या पाठीमागे त्याचे भोवरे होतात. पाठीमागे शांत वाटणाऱ्या जागी यंत्र अचानक खाली ओढलं जातं ते यामुळे. वाऱ्याबरोबर जाताना बॅटरी फार कमी लागते, आणि तिथेच फसगत होते. चाळीस टक्के उरलेत म्हणून वळावं, तर समोरून वारा आणि निम्म्या वाटेत वीस टक्के. जाताना नेहमी वाऱ्याच्या तोंडावर जावं, येताना त्याच्याबरोबर यावं. बॅटरी तिशीत आली की उतरवायला घ्यावं. लिथियमची बॅटरी पूर्ण भरून आठवडेच्या आठवडे कपाटात ठेवली की फुगू शकते. ठेवायची तर अर्धी भरलेली. विमानप्रवासात सुट्या बॅटऱ्या सामानात न देता हातातल्या बॅगेत ठेवाव्या लागतात.

होकायंत्राची गंमत आपल्या दगडात आहे. दख्खनचा काळा पाषाण लोहाच्या चुंबकीय कणांनी भरलेला असतो, आणि काही माथ्यांवर होकायंत्र त्यामुळे खरोखर चळतं. तोफेशेजारी, लोखंडी कठड्याजवळ किंवा गाडीच्या टपावर ठेवून ड्रोन उडवणं तर टाळावंच. चूक दाखवत असेल तर दहा-पंधरा पावलं बाजूला जाऊन पुन्हा तपासावं. पाण्यावर खालच्या कॅमेऱ्याला पोत मिळत नाही, त्यामुळे धरणाच्या पाण्याला लागून उडवणं हा नवख्याचा खेळ नव्हे.

कड्यांत आग्या मोहोळं असतात. माशा उठल्यामुळे गडांवर माणसं जखमी झाल्याच्या बातम्या दर वर्षी येतात, आणि कपारीशी घरघरणारं यंत्र न नेण्याला तेवढंच कारण पुरे आहे. घारी ड्रोनवर झडप घालतात. अशा वेळी खाली पळू नये, वर चढावं. घारीला सरळ वर चढता येत नाही. संक्रांतीच्या आठवड्यात गावात मांजा असतो, तेव्हा ड्रोन पेटीतच बरा. भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी येतात आणि उडणाऱ्या थव्याचा फोटो मिळावा म्हणून लोक ड्रोन त्यांच्यावर नेतात. तो थवा उडतो तो भीतीने, आणि दूरवरून आलेल्या पक्ष्यांची शक्ती त्यात फुकट जाते. असा फोटो कितीही सुरेख असला तरी मी त्याला चांगला म्हणणार नाही. अभयारण्यात वन खात्याची आणि संरक्षित स्मारकांवर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागतेच. 2025 च्या जुलैत मराठा लष्करी भूप्रदेशाच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यातले अकरा महाराष्ट्रातले. ‘सगळेच तर उडवतात’ हे उत्तर तिथे चालेल असं कुणी धरून चालू नये.

इतकं करून मग फोटो काढायचा. खालून फोटो काढताना आपण क्षितिजावर विसंबतो. सरळ खाली पाहिलं की क्षितिज जातं आणि हातात फक्त आकार, पोत आणि सावली उरते. म्हणून वेळ महत्त्वाची. भर दुपारी वरून सगळं सपाट होतं. सूर्य उगवल्यानंतरचा पहिला तास आणि मावळण्याआधीचा शेवटचा, या वेळी बांध, ढेकळं, खळ्यावरची रास, बैल आणि माणसं आपापल्या सावल्यांसह वर उठतात. ऋतूही बघावा. पाऊस ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरात हवा धुतलेली असते. मार्च-एप्रिलमध्ये धुरकटपणा एवढा, की दूरचा डोंगर चौकटीत घेण्यात अर्थ नसतो. तेव्हा सरळ खालचेच फोटो घ्यावेत. पावसात आणि गडावरून वाहणाऱ्या ढगात यंत्र नेऊ नये, ते जलरोधक नसतं.

कोकणातली रापण हे या उंचीच्या गणिताचं उत्तम उदाहरण आहे. किनाऱ्यावरून दोन टोकांनी जाळं ओढत आणणारी माणसं वाळूवर उभी असतात. वाळूवरून त्यांची रांग दिसते, पण पाण्यातलं जाळ्याचं अर्धवर्तुळ दिसत नाही. शंभर मीटरवर जाळं दिसतं, माणसं जातात. तीस मीटरवर, थोडं तिरपं ठेवून, दोन्ही एकत्र येतात. दोराची ताठ रेषा, त्यावर मागे रेललेली शरीरं आणि पुढे पाण्यातला बाक. काम करणाऱ्यांच्या डोक्यावर न येता बाजूला राहायचं. कासच्या पठाराचं याच्या उलट आहे. तिथल्या फुलांसाठी ड्रोन हे चुकीचं हत्यार आहे. वरून फुलं दिसत नाहीत, नुसता रंग दिसतो, आणि फुलं बघायची तर गुडघे टेकावे लागतात. उंची खरोखर लागते अशा जागा थोड्या. लोणारचं विवर साधारण 1.8 किलोमीटर व्यासाचं आहे आणि हिरव्या पट्ट्याच्या कमाल उंचीवरूनही त्याचं वर्तुळ एका फ्रेममध्ये नीट बसत नाही, पॅनोरमा जोडावा लागतो. शिवाय ते अभयारण्य आहे, तेव्हा परवानगी आधी.

व्हिडिओबद्दल थोडंच. सेकंदाला 25 चौकटी घेत असाल तर शटर 1/50 च्या आसपास ठेवावं, म्हणजे हालचाल डोळ्याला सहज वाटते. उन्हात त्यासाठी प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर लावावा लागतो. बाकी, सावकाश चला. नवख्याचा व्हिडिओ ओळखू येतो तो एकाच शॉटमध्ये पुढे जाणं, वळणं, चढणं आणि कॅमेरा वाकवणं या चारही गोष्टी करण्यावरून.

माणसांचा प्रश्न मात्र अलीकडे बदलला आहे. 2024 च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात आणि मराठवाड्यात रात्री ड्रोन घिरट्या घालतात, चोर टेहळणी करतात, या चर्चेने गावंच्या गावं जागी राहिली. त्यातलं खरं किती आणि अफवा किती हा वेगळा विषय. पण त्यानंतर गावकऱ्यांच्या लेखी अनोळखी ड्रोन म्हणजे संशय. परक्या गावात पोहोचलात की आधी सरपंच किंवा पोलीस पाटलांना भेटावं, यंत्र दाखवावं, मुलांना स्क्रीनवर त्यांचं घर दाखवावं. पाच मिनिटं जातात आणि नंतर लोक आपणहून जागा सुचवतात. एखाद्याच्या अंगणात न्हाणीघर किंवा वाळत घातलेले कपडे असतील, गच्चीवर बायका बसल्या असतील, तर कॅमेरा तिकडे वळता कामा नये. गावाला वरून मोजलं जाण्याची सवय नाही असं नव्हे. स्वामित्व योजनेत भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ड्रोननी गावठाणांची मोजणी केली, आणि त्याआधी पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत असा प्रयोग झाला होता. पण ते सरकारी काम होतं, आधी चुना टाकून हद्दी आखून केलेलं.

यातून पोट भरता येतं का, हा प्रश्न तरुण मुलं लगेच विचारतात. लग्नाच्या कामात गर्दी झाली आहे आणि दर पडले आहेत. शेतात फवारणी, मोजणी आणि बांधकामाची तपासणी यांत जागा आहे. नमो ड्रोन दीदी योजनेत 15,000 महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन देण्याचं 2023 मध्ये ठरलं, म्हणजे हे शिक्षण आता शहरी हौशी मुलांपुरतं राहिलेलं नाही. कुठल्याही कामाचे पैसे घ्यायचे असतील तर नॅनोच्या वरच्या ड्रोनसाठी रिमोट पायलट सर्टिफिकेट हवंच. वय 18 ते 65, शिक्षण किमान दहावी, मान्यताप्राप्त संस्थेत काही दिवसांचं प्रशिक्षण. प्रमाणपत्र दहा वर्षं चालतं. पूर्वी पासपोर्ट लागायचा, 2023 च्या दुरुस्तीने ती अट गेली. प्रशिक्षणाची फी भरण्याआधी संस्था महासंचालनालयाच्या यादीत आहे का ते बघावं, आणि लग्नघरच्यांनीही ड्रोनवाल्याला ठरवताना हे प्रमाणपत्र आणि विम्याचा कागद मागून घ्यावा. मांडवात वर उडणाऱ्या यंत्राखाली शेवटी त्यांचेच पाहुणे बसलेले असतात.